मेंढपाळणीची नजर

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मी कारखान्याची नोंदवही लिहिणारी बाई. पाहिलेलं आणि मोजलेलं एवढंच लिहिते. हे माझ्याच घरच्या माणसाच्या बाबतीत घडलंय.

फ्रान्समधलं फेलेतँ गाव. नोव्हेंबर १९८७, गुरुवार, दुपारचे चार.

आमच्याकडे जुने विणलेले भित्तिपट दुरुस्तीला येतात. हा दोन-अडीचशे वर्षांचा. माझी नोंद अशी: मेंढ्या सात, कुत्रा एक, झाडाखाली बासरीवाला मेंढपाळ, त्याच्या शेजारी मेंढपाळीण. तिला डोळे नाहीत.

त्यात नवल काही नव्हतं. काळ्या धाग्याला लोखंडाचा रंग देत, आणि तो रंग धागाच खातो. डोळे सगळ्यांत आधी जातात. जिथं खूण उरली नाही तिथं मनानं काही विणायचं नाही, साधा रंग भरायचा, हा आमचा नियम.

पण माझी नणंद सोलांज नियम दुसऱ्यांसाठी ठेवायची. चाळीस वर्षं चेहरे तिनेच विणले. गवत, पानं, मेंढ्या इतरांनी. हे ती दिवसातून दोनदा ऐकवायची.

"वहिनी, पोरीला आंधळीच परत धाडू का?"

आणि बसली. जुन्या रिवाजाप्रमाणे पटाच्या पाठीकडून विणायला. तिथं डावं ते उजवं होतं, म्हणून पुढची बाजू दिसायला खाली छोटा आरसा.

काम संपलं की पट उलटायचा आणि वाईन उघडायची. त्या दिवशीही सगळे जमलो. पट उलटला...

म्हातारा रंगारी फिर्मँ आधी हसला.

"अगं, ही नवऱ्याला सोडून बघतेय कुठं? चाळीस वर्षांत डावं-उजवं कळलं नाही होय!"

सगळे हसलो. नजर खरंच उलटीकडे गेली होती. काठाबाहेर.

सोलांज हसली नाही.

"आरशात बघून विणलंय, फिर्मँकाका. ती त्याच्याकडेच बघत होती."

मी त्या नजरेच्या रेषेत पाहिलं. रेषेच्या टोकाला...

सोलांजचं स्टूल होतं.

"उसव," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? असा डोळा माझ्या हातून पुन्हा उतरायचा नाही."

शुक्रवारी तिने तपकिरीऐवजी हिरवी लोकर घेतली. फिर्मँने वाईनवरून टोमणा मारला.

सोमवारी तीन वाजता मी विणकामाच्या खोलीत गेले. सोलांज हातात सुई घेऊन बसली होती.

"वहिनी, दिवा का मालवलास?"

खिडकीतून ऊन येत होतं... तिच्या तोंडावरच.

माझ्या पाठीमागे आवाज झाला. टक्.

धागा तुटल्यासारखा.

मागे फक्त पट होता.

लिमोज शहरातल्या डॉक्टरने तपासलं. डोळे नितळ आहेत म्हणाला, दोष काही नाही. सोलांजला मात्र त्याचा हातही दिसत नव्हता.

आता फिर्मँची थट्टा बंद झाली. "काढ पोरी ते डोळे."

"माझे टाके मीच काढणार," ती म्हणाली. चाचपत बसली. आधी डावा डोळा, एकेक धागा करत.

शेवटचा धागा निघाला...

सोलांजने मान वर केली.

"वहिनी, तुझी पिन निसटलीय बघ."

मी रडले. लपवत नाही.

मग उजवा डोळा.

त्याला टोकच सापडेना. गाठ नाही, सुटा धागा नाही. पाठ गुळगुळीत... कुणी विणलाच नसल्यासारखी. फिर्मँने कात्री टेकवली मात्र, सोलांज उजवा डोळा धरून किंचाळली.

कात्री बाजूला ठेवली. उजव्या डोळ्याने सोलांजला पुन्हा दिसलं नाही. पट तसाच मालकाला परत गेला. वहीत लिहिलं: डावा डोळा कुणीही भरू नये. त्याची नक्कल मालकालाही पाठवली.

मालक वारला. गेल्या महिन्यात त्याच्या मुलाचं पत्र आलं. एका डोळ्याची बाई भिंतीवर बरी दिसत नाही, म्हणून पट दुसऱ्या कारखान्यात दिलाय. त्या काळ्या लोकरीची छटा कुठली, तेवढं कळवा.

मी त्याच दिवशी तार केली, फोन केले. कुणी उचलला नाही.

सोलांजला सांगितलेलं नाही.

काल सकाळी खिडकीशी बसून ती बटण लावत होती. मग हाक मारली.

"वहिनी, जरा ये गं... सुईचं नेढं सापडत नाहीये."