अब्दोनची शीळ

धुक्यात काही दिसत नव्हतं, म्हणून नार्सिसा सरळ त्याच्या जाळ्यात शिरली.

केस गुंतले. पिशवीतली संत्री उतारावरून गडगडत गेली.

"हलू नकोस," धुक्यातून आवाज आला. "हललीस की आणखी गुंतशील."

"पाखरांनाही असंच सांगतोस?"

"सांगतो. मग त्यांची चोच मोजतो."

"माझी मोजून बघ... चावेन."

एफ्रेन. समुद्रापलीकडच्या लोहा शहरातला. फ्लोरेआना बेटावर पाखरं मोजायला आलेला, कामापुरताच. बाहेरच्याला इथं राहता येत नाही. इथल्या कुणाशी लग्न केलं तरच.

मग नार्सिसा रोजच वाट चुकू लागली.

—

"याचा आजा दुसऱ्या बेटावरून वादळात आला." एफ्रेनच्या मुठीत काळं पाखरू धडधडत होतं. "एकटाच. चोच जाड, गाणं परकं. इथल्या माद्या ढुंकून बघेनात. एकीनं बघितलं."

"तिला काय दिसलं त्याच्यात?"

"तेच मीही विचारतोय... कुणालातरी."

ती संत्रं सोलत राहिली.

"आता त्याची नातवंडं आपसातच जोड्या जमवतात. आणखी काही पिढ्या, की नवी जातच म्हणायची."

"आणि तो?"

"कधीच मेला. पण पोरं बापाचं गाणं शिकतात. ऐक—"

झाडीत मेलेला गात होता. नार्सिसाच्या अंगावर काटा आला.

—

डोंगरावरच्या प्रत्येक घराची एक शीळ असते. धुक्यात हरवलं की घालायची. बाप मुलांना शिकवतो. लग्न ठरलं की जोडीदाराला. परक्याला कधीच नाही.

तिचा बाप अब्दोन खोऱ्यातल्या धुक्यात गेला तो परतलाच नाही. सगळ्या डोंगरानं आपापली शीळ घातली. उत्तर आलं नाही. तेव्हापासून ती शीळ तिच्या ओठांवर आली नव्हती.

—

"उद्या बोट," एफ्रेन जाळं गुंडाळत म्हणाला.

"त्याआधी... एक शिकवू तुला?"

"शीळ ना? येते मला."

आणि त्यानं घातली. दोन लांब, एक मुरकी. अब्दोनची. फक्त शेवट त्यानं वर चढवला, लोहाकडची माणसं बोलताना चढवतात तसा.

ती मागे सरली. "कुठे ऐकलीस?"

"तूच घालतेस की. रोज संध्याकाळी, त्या खोऱ्यातून. वाटलं, मलाच बोलावतेस... म्हणून तर जाळं इथं लावतो."

"मी नाही घालत, एफ्रेन."

त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

खोऱ्यातून शीळ आली. दोन लांब, एक मुरकी. शेवट खाली पडलेला.

"उत्तर द्यायचं?" तो कुजबुजला.

"घरच्यांनीच द्यायचं असतं."

"मग तू दे. मी—"

"तूही." तिनं त्याचा हात धरला. बोटं गार होती. कुणाची, ते कळेना. "उद्याची बोट जाऊ दे."

"विचार करून बोलतेस?"

"नाही. घाल शीळ."

दोघांनी मिळून घातली. त्याच्या नादानं तिचाही शेवट वर चढला.

दोघांनी खोऱ्याकडे कान लावले.

मग उत्तर आलं. या वेळी अगदी जवळून... झाडांच्या पहिल्या रांगेतून.

शेवट वर चढवून.