भाताच्या मुळाशी

"ओ म्याडम, दिवसाढवळ्या भातचोरी?"

चैताली दचकली आणि तिकोणा पेठ गावातल्या एका भातखाचरात बदकन चिखलातच बसली! बांधावर खाचराचा मालक उभा होता, रतन. हसू दाबत त्यानं हात पुढे केला. हात उबदार होता… सोडायला दोघांनीही अंमळ उशीरच केला.

"चोरी नाही हो. प्रयोगशाळेसाठी एक रोप हवंय, मुळासकट. शकुबाईंना विचारलंय मी."

"आय मला काय बी सांगत न्हाई बगा."

मग ती कुसगावहून दर रविवारी येऊ लागली. न्यायची एक रोप, गप्पा मात्र गाडाभर! एकदा मुळं धुता धुता त्यानं हळूच विचारलं, "तुमचं… कुटं ठरलंय का?"

"माझं नाही. ह्या पेशींचं ठरलंय," ती खट्याळपणे म्हणाली.

"लगीन?"

"मरण." तिनं मूळ चिरून दाखवलं. "हे पोकळ दिसतंय ना? इथे पेशी होत्या. वेळ आली की त्यांच्यातला डीएनए, म्हणजे जगण्याचा सगळा मजकूर असलेला धागा, तुकडे तुकडे होऊन तुटतो. त्या आपणहून मरतात, म्हणून पाण्यातल्या मुळाला हवा मिळते. सगळं आधीच ठरलेलं."

रतनचं हसू मावळलं.

"माज्या दादानं गेल्या साली जीव दिला. गाव म्हनतं, ठरलेलं व्हतं." तो तिच्याकडे वळला. "तुमी शिकलेल्या. खरं सांगा… ठरलेलंच व्हतं ना?"

'हो' म्हणाली असती तर त्याचा जीव भांड्यात पडला असता, आणि तो तिचाच झाला असता.

"नाही," ती म्हणाली. "पेशीला दुःख नसतं, रतन. माणसाला असतं. दादांचं मरण कशात लिहिलेलं नव्हतं. ते जगूही शकले असते. पण त्यांच्या मनातलं तुम्हाला दिसलं नाही, हा तुमचा गुन्हा नाही."

तो उठला आणि मागे न बघता निघून गेला. गमावला मी याला… ती वाटभर रडत गेली.

पुढच्या रविवारी जाऊ की नको करत ती आलीच. तो बांधावर बसला होता, डोळे सुजलेले.

"ठरलेलं, ठरलेलं म्हनून मला कुनी रडूच दिलं न्हाई," तो म्हणाला. "ह्या आठवड्यात पोटभर रडलो. आयलाबी जवळ घेतलं. चैताली… खोटं बोलून तू मला खूश केलं असतंस. न्हाई केलंस. माजा लय जीव हाय तुज्यावर."

"माझाही," म्हणत ती त्याच्याजवळ टेकली. "आता दादांबद्दल सांग ना मला. कसे होते ते?"