शेगावचा गुंडा

मयुरीला रवी दिसला तो पंख्यामुळे. संग्रामपूरची बस हुकली होती, एप्रिलचं ऊन शेगावच्या रस्त्यावर लोळत होतं, आणि समोरच्या दुकानात पंखा फिरत होता. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून तिने हाताला लागलं ते उचललं… लोकरीचा गुंडा. वीतभर निळा, मग आपोआप जांभळा, मग लाल.

"मफलर विनता? या उन्हात?" काउंटरमागून रवी.

"डोक्याले शांत वाटते."

"कोनासाठी?"

"…ठरलं नाही अजून."

रवीने पंखा एका नंबरने वाढवला.

मग दर शनिवारी एक गुंडा. दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही, म्हणून रवीने तो लॉट काउंटरखाली लपवला आणि बाकी गिऱ्हाइकांना संपला म्हणून सांगितलं. जूनपर्यंत मफलर जिराफाला पुरून उरेल एवढा झाला.

"संपवत काऊन नाही?"

"शेवटचे टाके बंद करता येत नाहीत."

"मले येते."

"मंग शिकवा."

रवीने हातातली कात्री खाली ठेवली. "नाही शिकवत. मंग तुम्ही शनिवारी कायले येसान?"

टाके बंद करणं मयुरीला चौथीपासून येत होतं.

इकडे तिच्या वडिलांनी, जानरावांनी, बीबी गावचं स्थळ आणलं. ती नाही म्हणाली, कारण सांगेना. त्याच संध्याकाळी रवीचा फोन आला — लॉट संपत आला, अकोल्याचा चालेल का?

"नाही. मले शेगावचाच गुंडा पायजे," मयुरी म्हणाली. "दुसरा कोनताच नको."

दाराशी जानराव उभे होते.

"सकाळी चाल," ते म्हणाले. "मले तो गुंडा दाखव."

बाबांना विणकामात एवढा रस… मयुरीला भरून आलं.

दुकानात जानरावांनी विचारलं, "गुंडा कोनता?"

रवीने शेवटचा गुंडा काउंटरवर ठेवला. जानरावांनी तो बोटाने बाजूला सारला.

"हा नाही. ज्याच्यापायी माही पोरगी बीबीच्या पोराले नाही म्हनून राह्यली, तो."

मयुरीला आत्ता कळलं. तिने मान खाली घातली — पण 'नाही' म्हणाली नाही. रवीने तिच्याकडे पाहिलं. मग गुंडा उचलून परत काउंटरखाली ठेवला.

"मंग काका… तो मीच."

जानराव स्टुलावर टेकले. लेकीकडे वळून म्हणाले, "गुंडा म्हटलं तर लयच बारीक हाय वं."

याला चार वर्षं झाली. तशी लोकर आता कुठेच येत नाही. जानरावांच्या फोनमध्ये जावयाचं नाव मात्र 'गुंडा शेगाव'च राहिलं. मध्यंतरी मयुरीने ते बदलून 'रवी' केलं, तर त्यांनी दोन दिवस फोन उचलला नाही. म्हणाले, कोनी अनोळखी मानूस सारखा फोन करून राह्यला.