माझ्या कानाकडे बघा

डोळे तपासताना मी प्रत्येकाला सांगते, “माझ्या कानाकडे बघा.” डोळ्यात बॅटरीचा उजेड टाकायचा तर समोरच्याची नजर जरा बाजूला हवी, म्हणून. लोक निमूटपणे बघतात. हा माणूस मात्र असा काही बघत राहिला, की आपल्याला कान आहेत याचीच मला लाज वाटायला लागली.

खरं तर तो डोळे तपासायला आलाच नव्हता. बाहेर वारा सुटला होता आणि हातातला ओल्या रंगांचा कॅनव्हास उडू नये म्हणून तो आमच्या चष्म्याच्या दुकानात शिरला. कॅनव्हास काउंटरला टेकवला आणि बाबांच्या हातातली काच पडता पडता राहिली.

“अहो, या बाईंना काय झालंय?”

चित्रात बाकावर बसलेली एक बाई. तोंड हिरवट, मान हातभर लांब, आणि मांडीवरचे हात तिच्या डोक्याहून मोठे.

“माझी आई आहे,” तो म्हणाला.

“अगं बाई!” माझी जीभ कधीच माझ्या ताब्यात नसते. “बसा इथे. नंबर असणार तुम्हाला.”

“माझा दादाही हेच म्हणतो.”

“मग दादा हुशार आहेत.”

“आणि तुम्ही?”

“मी त्यांच्याहून हुशार. हनुवटी इथे टेकवा… कानाकडे बघायचं, सांगितलं ना?”

“बघतोय की. छान आहे.”

मी घाईघाईने काचा बदलू लागले. आणि नंबर निघाला! दोन्ही डोळ्यांना, सिलिंडरचा. यात रेषा थोड्या ओढल्यासारख्या दिसतात. “सापडला!” मी लॉटरी लागल्यासारखी ओरडले. “म्हणून तुमची माणसं वाकडी येतात.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“म्हणजे… मला माणसं आतून अशी दिसतात, असं नाही? नुसता डोळ्यांचा दोष?”

“असंच असणार. चष्मा लावा, सगळं सरळ होईल.”

“झालं तर मग. दादाच्या फर्निचरच्या शोरूममध्ये खुर्ची तयारच आहे माझी.” तो उठला. “हे चित्र ठेवा तुमच्याकडे. आता घरी नेऊन तरी काय करू?”

मी पत्ता लिहून घेतला, चष्मा पोचवते म्हटलं. तो गेला. त्याची आई मात्र काउंटरला टेकून माझ्याकडे बघत राहिली.

पहिल्या दिवशी मी तिला हसले. दुसऱ्या दिवशी हसू येईना. ते हात! एकमेकांत इतके घट्ट अडकवलेले, की सोडले तर काहीतरी निसटून जाईल अशी तिला भीती वाटत असावी. तिचा चेहरा शांत होता, पण हात खोटं बोलत नव्हते. येता-जाता मला त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटे.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तुझी आई बाहेर अशीच बसली होती,” ते म्हणाले. “तिच्या हातांशिवाय मला दुसरं काही आठवत नाही बघ.”

मी चित्र उचलून बाबांना नीट दिसेल असं ठेवलं.

त्याच्या चष्म्याच्या काचा घासता घासता मात्र माझी ट्यूब पेटली. त्याच्या डोळ्याला गोल ताटली लांबट दिसत असेल, तर त्यानेच काढलेली गोल ताटलीही त्याला लांबटच दिसणार. दोन्ही सारख्या दिसल्या की हात थांबला! म्हणजे चित्रात ताटली गोलच येणार. तो वाकडेपणा डोळ्यांतून आलाच नव्हता.

“बाबा, मी गाढव आहे!”

“कळलं एकदाचं,” बाबा म्हणाले. “आता जाऊन त्यालाही सांग.”

गेले. चष्मा पर्समध्ये, त्याची आई काखेत. त्याच्या खोलीत सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी होती. ब्रश धुऊन, वाळवून बांधून ठेवलेले. मी ताटलीचं सगळं समजावून सांगितलं.

“माझी समजूत काढताय,” तो म्हणाला.

“मग लावा हा चष्मा आणि काढा माझं चित्र!”

त्याने चष्मा नाकावर चढवला. “सरळ आलं, तर उद्यापासून शोरूम. कबूल?”

“…कबूल.”

मी खिडकीपाशी बसले. प्रत्येक मुलीला वाटतं, आपलं चित्र सुंदर यावं. मी मात्र मनातल्या मनात देवाला विनवत होते — वाकडी येऊ दे, चांगली वेडीविद्री येऊ दे!

“हलू नका.”

“नाही हलत. जीव टांगणीला लागलाय नुसता.”

“कुणाचा?”

“तुमचा हो… माझा कशाला लागेल?”

शेवटी त्याने ब्रश खाली ठेवला, पण चित्राकडे बघायचं धाडस काही त्याला होईना. “तुम्हीच सांगा,” म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

मी उठून पाहिलं. चेहरा एका बाजूला कललेला. ओठ घट्ट मिटलेले, आणि आत गिळलेल्या शब्दांनी गळा फुगलेला. डोळे भलेमोठे, निळे-काळे, कुणीतरी आपल्याकडेही बघावं म्हणून आसुसलेले. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघणारी, तोंडाची टकळी चालू ठेवणारी मी… आणि आत ही बसलेली होती? मला हुंदकाच फुटला.

“सरळ आलंय?” त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

“जन्मात कुणी इतकं वाकडं काढलं नसेल मला!” मी रडता रडता हसले. “आणि इतकं खरंही. पण हा कान? हा तर तळहाताएवढा आहे!”

तो धावतच आला, चित्राकडे बघितलं आणि आधाराला खुर्ची धरून खदखदून हसला. “तुम्हीच म्हणालात ना, कानाकडे बघा.”

“आणि लालभडक का?”

“तेव्हाही झाला होता. मी कानाकडेच बघत होतो ना.”

आता काय लपवायचं होतं? चष्मा त्याच्या नाकावरून घसरला होता. मी तो बोटाने हलकेच वर सरकवला.

“नीट दिसतंय?”

“हो.”

“मग आता कानाकडे नको,” मी म्हटलं. “माझ्याकडे बघ.”