मधले चार तास

अंधेरी स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत अनुपमा तिकिटं बनवायची. कुठला विमानतळ किती लांब, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून तिला पाठच झालं होतं. कुवेत ते मुंबई पावणेतीन हजार किलोमीटर, चार तास. म्हणून त्या दुपारी एक वाजता कुवेत विमानतळावरून धाकट्या भावाचा, जयवंतचा फोन आला, तेव्हा तिने लगेच ओळखलं, की हा पाचच्या आधी काही उतरत नाही.

"ताई, बसतोय विमानात. आई थांबेल ना गं?"

"थांबेल रे. तू ये."

ती रिक्षाने मरोळला घरी आली. शेजारच्या कुंदावहिनी आईच्या उशाशी बसल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिची आई रुक्मिणीबाई कालपासून पाण्याचा थेंब घेत नव्हत्या. चमचा लावला की ओठ मिटून घ्यायच्या. सहारला उतरणारं विमान छपरावरून गेलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि त्यांच्या पापण्याही हलायच्या.

तीनच्या सुमारास बेल वाजली.

दारात जयवंत उभा होता. निळा शर्ट, वाढलेली दाढी, हातात सामान नाही.

"अरे, तू इतक्यात कसा..."

तो तिच्या बाजूने आत गेला. त्याचा हात तिच्या दंडाला लागला. मे महिन्याच्या उकाड्यात तो हात गारठलेला होता.

त्याने आईचं डोकं मांडीवर घेतलं.

"इलंस रे झिला?" आई म्हणाली.

त्याच्या हातून ती दोन चमचे पाणी प्यायली. कुंदावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. बराच वेळ तो आईच्या केसांवरून हात फिरवत राहिला. मग तिचं डोकं उशीवर ठेवून उठला.

"डॉक्टरांना घेऊन येतो."

तो जिना उतरला आणि आईने मान टाकली.

तो परत आला नाही. अनुपमाने खालच्या वाण्याकडून सहारला फोन लावला. कुवेतचं विमान अजून समुद्रावर होतं.

सहा वाजता टॅक्सी थांबली. बॅग घेऊन जयवंत जिना चढून आला. तोच निळा शर्ट.

"उशीर झाला ना, ताई?"

कुंदावहिनी काही बोलणार, तोच अनुपमाने त्यांचा हात घट्ट दाबला.

त्याने आईच्या तोंडात गंगाजल घातलं. ते गालावरून ओघळून उशीवर आलं.

"माझ्या हातचं पाणीसुद्धा नाही मिळालं गं तिला."

मिळालं रे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते कुणाच्या हातचं, हे तिला कुठे ठाऊक होतं? तिने त्याला कुशीत घेतलं. तो उबदार होता, हमसून रडत होता.

तेरावं उरकून जयवंत परत निघाला. अनुपमाने त्याला विमानतळावर सोडलं. मुंडन केलेलं डोकं काचेपलीकडे दिसेनासं होईपर्यंत ती उभी राहिली.

घरी येऊन ती आईच्या साड्या घडी करत बसली. विमान आता समुद्रावर असेल, असं तिच्या मनात आलं.

बेल वाजली.

निळा शर्ट. वाढलेली दाढी. डोक्यावर दाट केस.

"डॉक्टर भेटले नाहीत," तो म्हणाला. "आई कशी आहे?"

त्याचा चेहरा इतका दमलेला होता.

"झोपलीय रे. आत्ताच."

तो हसला.

"मग उठेपर्यंत बसतो," म्हणाला, आणि चपला काढून आत आला.