नाव तेवढं ठेवलं

"माझ्या मुलानं माणूस मारला, असं सगळे म्हणतात," म्हातारा शिंपी खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाला. "तो तर गेला. निदान खरं काय ते कळू दे."

गुप्तहेर बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांचा मावसभाऊ नेहमीसारखा शेजारी बसला होता.

मुलानं सलाईनच्या पंपासाठी प्रोग्राम लिहून सगळ्यांना खुला केला होता. कुणीही फुकट वापरावा, बदलावा. मात्र मूळ लेखकाचं नाव ठेवावं आणि आपण काय बदललं ते स्वतःच्या नावानिशी लिहावं. पुढे एका इस्पितळात औषध जास्त गेलं आणि एक बाळंतीण दगावली. इशारा दिसलाच नाही, असं नर्स म्हणाली. प्रोग्रामवर नाव मुलाचं. लोकांनी त्याला जगणं नकोसं केलं. त्यानं अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही.

शिंप्यानं बातमीतला फोटो दाखवला. उन्हात चकाकणारा काळा पडदा, त्यावर लाल आकडा. बाकी काही नाही.

"तुमच्या धंद्यात नाही आला तो?" बाईंनी विचारलं.

"कसला येतो! लाल दोरा मागितला की हिरवा द्यायचा. जन्मापासूनच तसं."

मूळ प्रोग्राम सांभाळणारा मुलाचा मित्र म्हणाला, "धोका असला की मोठ्या अक्षरांत 'थांबा' यायचं. नंतर त्यानंच काढलं असेल. मला म्हणाला, माझंच चुकलं."

"बघ, कबुलीच आहे," मावसभाऊ पुटपुटला.

पंपाच्या कारखान्यातला इंजिनिअर शांत होता. "आम्ही जसाच्या तसा घेतला. वर त्याचं नाव आहे, बघा. दुसऱ्याचं श्रेय आम्ही लाटत नाही."

बाईंनी पंप चालू करून घेतला. औषध वाढलं तसा हिरवा आकडा लाल झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"ज्याला लाल-हिरवं सारखंच दिसतं, तो रंग बदलून इशारा देईल?" बाई इंजिनिअरकडे वळल्या. "'थांबा' तुम्ही काढलंत. नाव त्याचं ठेवलंत, स्वतःचं लिहिलं नाहीत."

इंजिनिअरनं मान खाली घातली. "पडदा सुटसुटीत हवा होता. नोंद करायची राहिली. नंतर धीरच झाला नाही."

"मग त्यानं कबूल का केलं?" मावसभावानं विचारलं.

"पंप त्याच्या हाती आलाच नाही, फक्त फोटो आला. त्यात त्याला 'थांबा' दिसलं नाही आणि लाल त्याला कळत नव्हतं. आपलाच प्रोग्राम फसला असं तो समजला."

शिंप्यानं बातमीतला फोटो पुन्हा हातात घेतला.

"तो फोटो त्यानं मला दाखवला होता," तो म्हणाला. "'बाबा, यात कुठे इशारा दिसतो का?' म्हणून विचारलं. आकडा लाल दिसत होता, पण मला कॉम्प्युटरमधलं काय कळणार? मी नाही म्हणालो."