कुसुमचं आडनाव

पलीकडच्या केबिनमधून हसण्याचा आवाज आला आणि साक्षीचा हात माउसवरच थांबला.

ते हसू साधंसुधं नव्हतं. आधी नाकातून फुस्स, मग दाबायचा केविलवाणा प्रयत्न, आणि मग धरणच फुटलेलं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या ज्ञानूच्या सायबर कॅफेत कुणी हसणं नवलाचं नव्हतं. तिथं पोरं काय काय बघून हसायची ते न विचारलेलंच बरं. पण हे हसू बरोबर त्याच क्षणी आलं होतं, ज्या क्षणी साक्षीनं आपला विनोद पाठवला. योगायोग असेल, तिनं स्वतःला समजावलं... आणि तेवढ्यात पडद्यावर उत्तर उमटलं. 'वसंताचं स्टूल' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं: "छत्रीबाई, मेलो. हितं केबिनमध्ये हसाय लागलोय, शेजारचं माणूस पोलिस बोलवंल."

आता ही छत्री कोण आणि स्टूल कोण, हे सांगायला हवं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सात साली, घराघरात 'शपथ जिव्हाळ्याची' नावाची मालिका चालायची. तिची नायिका इतकी रडायची, की पंप लावला असता तर एकरभर ऊस भिजला असता. ऑर्कुट नावाच्या तेव्हाच्या संकेतस्थळावरच्या एका टोळक्याला मात्र नायिकेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव जडला होता दोन किरकोळ माणसांवर — दवाखान्यातला कंपाउंडर वसंता आणि टपाल वाटणारी कुसुम. या दोघांचा मिळून एकच प्रसंग झाला होता. कुसुमनं रजिस्टर टपाल आणलं, वसंतानं तिच्याच पेनानं सही केली आणि पेन परत द्यायचं विसरला. बस्स. पुढं लेखकही ते विसरला. पण या मंडळींनी त्यावर अख्खा संसार उभा केला. पेन विसरला, की मुद्दाम ठेवून घेतलं? कुसुम ते मागायला का गेली नाही? वसंता तेव्हापासून त्याच पेनानं औषधाच्या बाटल्यांवर खुणा करत असेल का? यावर रोज वाद, रोज विनोद, रोज नवे प्रसंग. कम्युनिटीचं नाव 'वसंता-कुसुम विचार मंच', आणि नियम एकच — खरं नाव सांगायचं नाही, मालिकेतल्या एखाद्या वस्तूचं नाव घ्यायचं. साक्षी 'कुसुमची छत्री' होती.

तिनं कोल्हापुरी पोरींच्या 'येतो-जातो'च्या थाटात टाइप केलं: "पोलिसांना न्हाय, ज्ञानूभाऊंना बोलावतो."

पलीकडचं हसू थांबलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि प्लायवूडच्या भिंतीवरून हळूहळू वर आलं एक डोकं — भांग विस्कटलेला, मिशी नुकतीच मनावर घेतलेली, डोळे हसून ओले झालेले.

"तुमी... छत्री?"

"तुमी स्टूल?"

"व्हय."

"मग बसा की. उभा काय ऱ्हायलाय?"

तो खरंच बसला. भिंतीपलीकडून पुन्हा नाकातलं फुस्स ऐकू आलं, आणि साक्षी ओढणी तोंडाला लावून किती वेळ हसत राहिली, तिचं तिलाच कळलं नाही.

त्याचं नाव सम्राट. शिरोळकडचा, घरी ऊस आणि म्हशी, नृसिंहवाडी हाकेवर. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात तो यंत्रांचे आराखडे काढायचा आणि कोल्हापुरात खोली करून राहायचा. साक्षीही तिथंच, दुसऱ्या कारखान्याच्या ऑफिसात. इतके दिवस एकाच रस्त्यानं ये-जा करत होते आणि ओळख झाली ती प्लायवूडच्या आडून!

मग श्रावणसरी येत-जात राहिल्या. शनिवारी दोघं शेजारशेजारच्या केबिनमध्ये बसायचे, एकमेकांना टाइप करून चिडवायचे, आणि नंतर बसथांब्यापर्यंत चालत जायचे. तिच्या हातात खरी छत्री असायची, पण ती उघडायचं दोघांनाही सुचायचं नाही.

"कुसुम लई गर्विष्ठ हाय," तो म्हणायचा. "पेन मागायला काय झालं?"

"वसंतानं आणून द्यायला काय झालं?"

"त्यो घाबरतोय."

"कुणाला?"

"तुमाला... म्हंजे, तिला."

यावर साक्षी रस्त्याकडं बघायची. कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या आणि पावसाचा थेंब त्यावर पडला की बरं वाटायचं. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणालाच नेमकं आठवत नाही.

सगळं कसं गोड होतं. आणि तरी दर शनिवारी निघताना तिला एका प्रश्नाची धास्ती वाटायची.

कोल्हापुरात माणसानं नाव सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला — पावणं कुठलं, आडनाव काय? सम्राटनं तो विचारलाच नाही. मंचाची सवयच तशी. त्याचं आडनाव तिनं खिशावरच्या कंपनीच्या बिल्ल्यावर वाचलं होतं, इंगवले. तिचा बिल्ला मात्र ऑफिसातून निघताना पर्समध्ये जायचा. आधी जायचा सवयीनं, आणि आता... आता मुद्दाम. याचाच तिला संताप येत होता. अण्णासो कांबळ्यांची पोर ती. वडील हेडमास्तर. घरात बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि मान खाली घालून बोलायची कुणाला परवानगी नाही. अशा घरातली मुलगी एका मिशीवाल्या पोरासाठी आडनाव पर्समध्ये घालत होती! लपवलं नव्हतं, नुसतं सांगितलं नव्हतं. पण या दोहोंतलं अंतर दर शनिवारी कमी होत चाललं होतं.

कळल्यावर त्याचे डोळे बदलले तर? प्रश्न एवढाच होता. तिनं ते बदलताना पाहिले होते — कॉलेजात, भाड्यानं खोली बघायला गेल्यावर, एका मैत्रिणीच्या आईच्या स्वयंपाकघरात. दुसऱ्या कुणाचे बदलले तर तिला राग येई. याचे बदलले, तर तिला ते सोसणार नव्हतं.

"घरला चल एकदा," एका शनिवारी बसथांब्यावर तो म्हणाला. "आई सारखं इचारत्या, फोनवर कुणाच्या गोष्टी सांगून हसतोस म्हणून."

"बघू."

"बघू म्हंजे काय?"

"बघू म्हंजे बघू. सम्राट, मला तुला एक..."

नेमकी तेव्हाच बस आली. साक्षी चढली, आणि खिडकीतून हात हलवताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या शनिवारी ती ठरवून आली. आज सांगायचंच. सम्राट आधीच शेजारच्या केबिनमध्ये बसला होता. ती खुर्चीत टेकली, मंच उघडला, आणि वरच्याच विषयावर तिची नजर अडकली. विषय 'वसंताच्या स्टूला'नंच काढला होता: "कुसुमचं आडनाव काय असंल?"

मालिकेत ते कधी सांगितलंच नव्हतं. मंडळी तुटून पडली होती. पुण्याच्या कुणीतरी लिहिलं होतं, ती नक्की देशपांडे. साताऱ्याच्या एकानं तिला शिर्के करून टाकलं होतं. कोकणातल्या बाई सावंतवर अडून बसल्या होत्या. प्रत्येकाला कुसुम आपल्याच गल्लीतली हवी होती. आणि सगळ्यांच्या खाली सम्राटनं लिहिलं होतं: "आडनाव कायबी असूदे. वागणं-बोलणं बघून कळतंय की, पोरगी आपल्यातलीच हाय."

आपल्यातली!

किती मायेचा शब्द. आणि त्या शब्दाला पाठीमागून किती उंच भिंत असते, हे पाठीमागं उभं राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. साक्षीनं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. भिंतीपलीकडं तो आपल्याच विनोदावर खूश होऊन शीळ घालत होता. तिचे डोळे भरून आले, आणि डोळ्यांत पाणी आल्याचा राग बोटांत उतरला. तिनं लिहायला घेतलं.

"कुसुमचं आडनाव कांबळे. सगळ्या गावाचं टपाल ती वाटते, पण काही दारांत तिला पाणी वेगळ्या पेल्यातून मिळतं. कॅमेरा ते दाखवत नाही. तिच्या घरच्या भिंतीवर बुद्ध आहे, बाबासाहेब आहेत. कॅमेरा त्या भिंतीकडंही वळत नाही. संध्याकाळी बाबा विचारतात, आज कुणाकुणाला चांगली बातमी दिलीस? ती पेन मागायला गेली नाही ती गर्वानं नाही. गेली, की वसंता पूर्ण नाव विचारणार. तिला ती भीती वाटते, आणि भीती वाटते म्हणून स्वतःचा राग येतो. मला हे माहीत आहे, कारण माझं आडनावही तेच आहे. साक्षी अण्णासो कांबळे, कोल्हापूर."

मंचाचा नियम मोडला होता. तिनं पाठवून दिलं.

पलीकडची शीळ मध्येच थांबली.

साक्षी ऐकत राहिली. टाइप केल्याचा आवाज नाही. हसू नाही. नुसता छताचा पंखा... पडद्यावर पुण्याच्या माणसाचं उत्तर आलं: "विरंगुळ्याच्या जागी जात कशाला आणता?" देशपांडे त्यानंच आणलं होतं, पण ते त्याच्या गावीही नव्हतं. कोकणातल्या बाईंनी लिहिलं: "माझी कुसुम आजपासून कांबळे." स्टूलाचं काहीच नाही. मग खुर्ची सरकली. पावलं वाजली. तिच्या केबिनपाशी ती क्षणभर थांबलीसं वाटलं... आणि सरळ दाराकडं निघून गेली.

गेला, म्हणजे गेलाच.

तिनं संगणक बंद केला, ओढणीनं तोंड पुसलं आणि मान ताठ करून बाहेर आली. तर दाराशेजारच्या एसटीडी बूथमध्ये सम्राट उभा, रिसीव्हर कानाला. तिला बघताच त्यानं हात वर केला. थांब.

थांबायचं काही कारण नव्हतं. ती थांबली.

"आबा, सम्राट बोलतोय! जेवलो, व्हय. आबा, ऐका की. मला एक पोरगी आवडल्या!"

त्याच्या वडिलांना, सयाजीरावांना, कमी ऐकू यायचं. त्यामुळं तो ओरडत होता, आणि ते त्याहून मोठ्यानं. रिसीव्हरमधला आवाज साक्षीलाच काय, काउंटरवरच्या ज्ञानूलाही स्वच्छ कळत होता. केबिनांतली कळफलकांची टकटक एकेक करून थांबली.

"कुणाची हाय?" पलीकडून प्रश्न आला.

सम्राट साक्षीकडं बघत होता. तिनं त्याचे डोळे नीट पाहिले — घाबरलेले होते, पण बदललेले नव्हते.

"कांबळ्यांची. साक्षी कांबळे."

पलीकडं कुठंतरी म्हैस रेकली.

"आबा?"

"ऐकतोय. बौद्ध हाईत?"

"व्हय."

"कधीपास्नं ठावं हाय तुला?"

"आत्ताच कळलं. तिनं सोताच सांगिटलं. म्हणून आत्ताच फोन केला. उद्यावर टाकलं असतं तर माझीबी हिंमत ऱ्हायली नसती."

"तुझी आई जेवण सोडंल."

"व्हय."

"भावकी दारात उभी करायची न्हाय."

"व्हय, आबा."

"नुसतं व्हय व्हय काय करतोस?" मोठा श्वास ऐकू आला. "ती पोरगी काय म्हणत्या?"

सम्राटचं तोंड उघडं राहिलं. "कोण?"

"अरं ती पोरगी! तिला इचारलंस का?"

"...न्हाय. तेवढं इचारायचं ऱ्हायलंय."

"मग मला कशाला फोन केलास रं? ती न्हाय म्हणाली, तर आमी हितं फुकट भांडत बसायचं?"

ज्ञानूनं खोकल्यासारखं केलं. सम्राटनं रिसीव्हर छातीशी धरला. मघाचा आवाज आता कुठल्या कुठं गेला होता.

"साक्षी..."

"'आपल्यातली' लिवलंस तू," ती म्हणाली.

"लिवलं. इचार न करता लिवलं."

"तेच तर. तुला इचार करावा लागत न्हाय. मला रोज करावा लागतोय."

त्यानं सारवासारव केली नाही. विनोद केला नाही. तेच बरं झालं, नाहीतर ती निघून गेली असती.

"आणि माझ्या बाबांना तुझं आडनाव ऐकून लई आनंद होईल असं समजू नको," ती पुढं म्हणाली. "ते इचारतील, पोरीला त्या घरात मान मिळणार का."

"मी देणार."

"तू देशील. घर?"

"ते आज सांगता येत न्हाय." त्यानं रिसीव्हर छातीशी आणखी घट्ट धरला. "मला भांडता येतंय. रोज भांडीन. ह्यापेक्षा जास्त बोललो, तर खोटं होईल."

खूप गोड बोलणारी माणसं तिनं पाहिली होती. एवढं कमी कबूल करणारा हा पहिलाच, आणि त्याच्यावरच तिचा विश्वास बसला.

"अरं, काय म्हणाली ती?" त्याच्या छातीतून सयाजीराव ओरडले.

साक्षीनं रिसीव्हर काढून घेतला. कोल्हापूरच्या मुली बोलतात तसंच बोलली ती, ठणठणीत आवाजात.

"आबा, साक्षी बोलतोय. व्हय म्हणालोय मी."

पलीकडं सयाजीराव खाकरले.

"तुझं बोलणं नीट ऐकू येतंय बघ मला," ते म्हणाले. आवाज खाली आला होता, दमलेला होता. "घरात सोपं जाणार न्हाय, पोरी. मलाबी न्हाय."

"ठावं हाय, आबा."

"दसऱ्याला ये. सगळी भावकी असत्या त्या दिवशी. काय व्हायचं ते एकदाच हूंदे. मी दारात थांबतो."

"येतो," ती म्हणाली.

साक्षीनं रिसीव्हर जागेवर ठेवला. सम्राटनं तिचा हात धरला. केबिनांतली टकटक एकेक करून पुन्हा सुरू झाली.